दंडाच्या धास्तीने हाक लांबेल

संपादक महाशय यांस,

डोंगरात वाट चुकून अडकणाऱ्यांकडून सुटकेचा खर्च दंडासह वसूल करावा, ही गतांकातील पत्रलेखकांची सूचना सकृद्दर्शनी न्याय्य भासली, तरी सह्याद्रीत ही कामगिरी मुख्यत्वेकरून स्वयंसेवकच विनामोबदला बजावीत आले असता, ती वसुली कोणाच्या खाती जमा व्हावयाची, याचा उलगडा त्यांनी केलेला नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अडकलेल्यांसाठी गिर्यारोहक धावले, ते काही सरकारी हुकुमाने नव्हे. मे 2022 मध्ये लोणावळ्याच्या नागफणीजवळ भरकटलेल्या दिल्लीच्या तरुणाने आपली अवस्था फोनवरून कळविली खरी. परंतु पुढे संपर्क तुटला, आणि 'शिवदुर्ग मित्र' आदी पथकांनी रान पालथे घालूनही चार दिवसांनी हाती लागला तो मृतदेहच. अशा प्रसंगी घटकाघटकेला मोल असताना, दंडाच्या धास्तीने मदतीची हाक लांबली तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

बेलपाड्याच्या नळीच्या वाटेसारख्या दुर्गम वाटांवर स्थानिक वाटाड्या सक्तीचा करावा, त्याचा मेहनताना मुक्रर करावा, याला माझी हरकत नाही. मात्र आमच्या जिल्ह्यात कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेस हजारो गोंड भाविक डोंगर चढतात. त्यांपैकी कोणाचा पाय घसरल्यास पत्रलेखक त्याच्याही हाती दंडाची पावती देणार काय? (ती द्यावयास त्यांनी स्वतः यावे, गुहेजवळच्या सालेकशापर्यंत रेल्वे आहे.)

आपला,
एक वाचक
गोरेगाव, जि. गोंदिया