काटा आणि उकिरडा

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यात गळीत हंगामात शिरणारी उसाची प्रत्येक गाडी प्रथम काट्यावर चढते, तिचे वजन दप्तरी दाखल होऊन पावती हाती पडते आणि रस निघाल्यावर उरलेल्या चिपाडावर पुन्हा बॉयलरच पेटतो. अशा हिशेबी पंचक्रोशीत वडिलोपार्जित घराची भिंत उतरवून निघालेली ट्रॉलीभर खरमाती कोठे न्यावी, हे मात्र कोणाला छातीठोकपणे सांगता येईना.

"वड्याकडंला वतू की दादा, पावसाळ्यात आपसूक जाईल," ट्रॅक्टरवाला म्हणाला. ओढ्याचे पाणी नदीलाच मिळते, हे त्यालाही ठाऊक होते. अखेर, जेथे सारेच टाकतात त्या मुरुमाच्या जुन्या खाणीवर आम्ही गेलो. तेथे फुटके कमोड, बाळांचे डायपर, गुटख्याच्या पुड्या आणि सिमेंटचे गठ्ठे यांचा एकजीव ढीग धुमसत होता. त्यावर आमची ट्रॉली उलटली, तेव्हा स्वयंपाकघराच्या निळ्या गिलाव्याचा एक मोठा पापुद्रा, आजीच्या हातच्या दुधाच्या हिशेबाच्या कोळशाच्या रेघांसह, अलगद घसरत खाली आला.

पूर्वी घर पाडले तरी टाकायचे असे थोडेच उरे. पांढरी माती शेतात जाई, मोडके वासे चुलीत जात आणि उकिरडा तर पेरणीपूर्वी रिता होई, कारण ती शेतकऱ्याची ठेवच होती. सिमेंट आणि प्लास्टिक आले, उकिरडा भरतच राहिला. 2016 साली केंद्र सरकारने बांधकामाच्या राड्यारोड्यासाठी स्वतंत्र नियम केले खरे, पण त्यांतील मोठ्या जबाबदाऱ्या दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टन राडारोडा काढणाऱ्यांवर होत्या. ट्रॉलीभर मातीच्या धन्याला त्यांची झळ कशी लागावी?

माझे म्हणणे एवढेच, की पाच-दहा गावांनी मिळून गायरानाचा एक तुकडा मुक्रर करावा, तेथे खरमाती आणि घरचा कचरा निरनिराळा उतरवून घ्यावा, दगड-विटा रस्त्याच्या भरावाला द्याव्यात, आणि फाटकावर उसासारखाच काटा बसवून माफक आकार घ्यावा. आकार म्हटला की लोक पुन्हा ओढ्याकडे वळतील, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून पहिली दोन वर्षे तो माफ असावा, असे मला वाटते.

परतताना ट्रॅक्टरवाल्याने ढिगातली आठ साबूत मंगळुरी कौले वेचून ट्रॉलीत ठेवली. शेळ्यांच्या गोठ्याला होतील, म्हणाला.