गाडी जुनी चालंल, ब्रेक जुना नको

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण शेतकऱ्याच्या दारातल्याच गाडीचं.

गावोगाव जुन्या गाड्यांची हौस परत आलीय. आजोबांची बुलेट, गोठ्यात धूळ खात पडलेली राजदूत, आरएक्स १०० बाहेर निघायला लागल्यात. चांगलं आहे. पण पैसा कुठं जातो बघा. आधी रंग, मग निकेल, मग सीट, मग फटफट आवाजाचा सायलेन्सर. ब्रेकचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लागतोय की थोडा थोडा." थोडा लागणारा ब्रेक म्हणजे नसलेला ब्रेक, असं माझं मत आहे.

ह्यात दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतो, सगळं ओरिजिनल पाहिजे, एक बोल्टसुद्धा बदलायचा नाही. दुसरा म्हणतो, भंगार बाजारातनं डिस्क आणून ठोकला की झालं. मला दोघांचंही पटत नाही.

ओरिजिनलवाल्यांना एक सांगतो. १९८३ साली राजदूत ३५० आपल्याकडं आली. ती मुळात यामाहाची आरडी ३५०. परदेशात तिला पुढं डिस्क होता. इथं किंमत कमी ठेवायला ड्रम दिला. इतकी पळणारी गाडी आणि पुढं ड्रम! म्हणजे कंपनीनं दिलं ते सगळं शास्त्र बघूनच दिलं असं काही नाही, खिसापण बघितलाय. शिवाय तेव्हाचे रस्ते आणि तेव्हाची वर्दळ आता राहिली नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे. तुमच्या पुढं चाललेली गाडी जागेवर थांबते आणि तुम्ही तिच्या मागं १९७५ च्या ब्रेकवर. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १७ मीटर जाते. हात लिव्हरवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं.

आता डिस्कवाल्यांना. ब्रेक म्हणजे एक वस्तू नाही, ती साखळी आहे. लिव्हर, केबल, कॅम, लायनर, ड्रम, शॉकअप, टायर. डिस्क एका बाजूनं ओढतो. त्या ताणासाठी न बनवलेला जुना बारीक शॉकअप पिळवटतो. कॅलिपर धरायला वेल्डिंग करून पट्टी लावलेली मी बघितलीय. ते वेल्डिंग सुटलं तर कॅलिपर आऱ्यांत जाणार आणि चाक जाम. मास्टर सिलेंडर एका गाडीचा, कॅलिपर दुसऱ्याचा घेतला तर लिव्हर एकतर दगडासारखा लागतो, नाहीतर मुठीपर्यंत येतो. डिस्क घालायचाच असंल तर हब, एक्सल, शॉकअप, कॅलिपर, मास्टर सिलेंडर सगळं एकाच गाडीचं, एकमेकांत बसणारं घ्या आणि जाणत्या मिस्त्रीकडनंच बसवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दोन वर्षांनी बदलायचं. आणि गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. आरटीओत आणि विमावाल्याकडं आधी विचारा, मग पाने हातात घ्या.

माझं म्हणणं एवढंच, की बहुतेकांना डिस्कची गरजच नाही. आहे तोच ड्रम नव्या सामानानं नीट करा, फरक लगेच कळतो.

नवे लायनर आणि नवी केबल पहिली. ड्रमला चाऱ्या पडल्या असतील किंवा तो अंडाकार झाला असंल, तर लेथवर हलका कट मारून घ्या, पण ड्रमवर लिहिलेल्या मापाच्या पुढं नाही. नव्या लायनरला खडू फासून चाक फिरवा, ब्रेक दाबा आणि खोलून बघा. खडू जिथं पुसला तेवढंच लायनर टेकतंय. पहिले काही दिवस दमानं चालवा, मग पूर्ण टेकतं. ग्रीस पिलेलं लायनर पेट्रोलनं धुऊन परत घालू नका, फेकून द्या. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळं ड्रम खोलला की हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

ब्रेक दाबल्यावर केबल आणि कॅमचा दांडा काटकोनात यायला पाहिजे. लायनर झिजलं की काही जण तो दांडा एक दात पुढं सरकवून देतात. "झाला बघा टाइट." टाइट झाला नाही, झीज झाकली गेली. एक दिवस कॅम उलटून अडकतो. ब्रेक प्लेट धरणारी पट्टी आणि तिची कॉटर पिन पण बघा. ती निसटली तर प्लेट फिरून चाक धरतं.

अजून जोर पाहिजे असंल तर तुमच्या गाडीला बसणारी दोन कॅमची प्लेट मिळते का बघा. साध्या ड्रममध्ये एकच लायनर चाकाच्या फिरण्यानं आत ओढलं जातं, दोन कॅममध्ये दोन्ही. पुढं जाताना ताकद चांगली वाढते. चढावर गाडी मागं घरंगळताना मात्र हाच ब्रेक कमी धरतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि पोरांनो, "पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील" हे ऐकतच आपण मोठे झालो. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. चिखलात, वाळूत जपून, पण डांबरी रस्त्यावर हळूहळू वाढवत दोन्ही दाबायची सवय लावा. ओढ्यातनं गाडी काढली की ब्रेक हलका धरून ड्रम वाळवा.

ह्या गाड्यांवर आपण एकटे नसतो. मागं कारभारीण, पुढं टाकीवर नात, बाजूला दुधाचे कॅन. पेरणीआधी पाभरीचा फण बघता तसा रविवारी एकदा ड्रम खोलून बघा. सायलेन्सरचं दिवाळीला बघू.