हेमकुंडाची पायवाट

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, अलकनंदेच्या काठी असलेल्या गोविंदघाटाहून हेमकुंड साहिबची वाट सुरू होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर यात्रेकरूचे पहिले पाऊल पडते. शेवटचे पाऊल पडते ते सुमारे ४,३०० मीटर उंचीवरील हिमसरोवराच्या काठी. शिखांचे दहावे गुरू श्री गुरू गोविंदसिंगजी यांनी पूर्वजन्मी येथे तपश्चर्या केली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ‘बचित्तर नाटक’ या रचनेतील सात शिखरांच्या वर्णनावरून १९३०च्या दशकात या स्थानाचा शोध लागला. सरोवराच्या काठी गुरुद्वाराप्रमाणेच लक्ष्मणाचे मंदिरही आहे. गुरूंची जीवनयात्रा १७०८ मध्ये गोदावरीतीरी नांदेडला संपली, त्यामुळे महाराष्ट्राचेही या हिमशिखरांशी एक नाते जडले आहे.

मुक्कामाचे गाव घांघरिया. तेथून पुढे थोड्याच अंतरावर, उंच कड्यावरून कोसळणारा धबधबा दिसतो. त्याच्या तुषारांनी सुखावलेल्या यात्रेकरूला तेव्हा कल्पना नसते, की हे पाणी ज्या सरोवरातून आले, तेथवर त्याला अजून चढून जायचे आहे. फुलांच्या घाटीची वाट येथे डावीकडे वळते आणि हेमकुंडाची वाट सरळ अंगावर येते. उरलेल्या सहा किलोमीटरांत सुमारे १,२५० मीटरांची चढण आहे. वृक्ष मागे पडतात, बोलणे थांबते, श्वासाचा आवाज तेवढा सोबतीला उरतो. श्रावणाच्या सुमारास कड्याकपारीत ब्रह्मकमळे दिसू लागली, की सरोवर जवळ आले असे समजावे. अखेरीस धुके विरळ होते आणि शिखरांचे प्रतिबिंब धारण करणारे निश्चल जल समोर येते. धबधब्याचा गर्जणारा आवेग आणि सरोवराची शांतता ही एकाच पाण्याची दोन रूपे आहेत, हे चालून आलेल्यालाच उमगते.

या वाटेचे स्वरूप आता पालटणार आहे. गोविंदघाट ते हेमकुंड साहिब हा १२.४ किलोमीटर लांबीचा रोपवे, म्हणजेच रज्जुमार्ग, केंद्रीय मंत्रिमंडळाने ५ मार्च २०२५ रोजी मंजूर केला. त्याचा अंदाजित खर्च सुमारे २,७३० कोटी रुपये आहे. या निर्णयाचे स्वागत करावयास हवे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांना खेचराच्या पाठीवर वा माणसाच्या पाठीवरील कंडीत बसून जाणे क्लेशदायक वाटते, अशा वृद्धांच्या आयुष्यभराच्या इच्छेला या सोयीमुळे वाट मिळेल. केवळ सुदृढ माणसालाच दर्शन घडावे, असा आग्रह कोणताही धर्म धरणार नाही.

तथापि पर्वताचा एक नियम सोयीसाठी बदलत नाही. ४,३०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो आणि प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीराला याची सवय होण्यास काही दिवस लागतात. पायी जाणारा यात्रेकरू घांघरियाला रात्र काढतो, हळूहळू चढतो, त्रास वाटल्यास खाली उतरतो. हेमकुंडाला रात्री मुक्कामाची मुभा नसल्याने दुपारीच परतणे भाग असते, हेही शहाणपणाचेच. सुमारे अडीच हजार मीटरांची उंची अल्पावधीत गाठणाऱ्या वृद्धाला डोकेदुखी, मळमळ, धाप यांनी गाठले, तर त्याच्यासाठीच केलेली सोय त्याच्याच जिवावर बेतेल. हा रज्जुमार्ग घांघरियाला जोडलेल्या दोन टप्प्यांचा असणार आहे. वरच्या टप्प्याआधी तेथे एक मुक्काम आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची केल्यास ही वेळ टळू शकेल.

दुसरा प्रश्न पायवाटेचा आहे. पाळण्यातून माणसे जाऊ लागली, की खालची वाट दुर्लक्षित होण्याचा धोका असतो. या वाटेवर खेचरवाले, कंडीवाले, चहाची टपरी चालवणारे अशा अनेकांचा वर्षाचा संसार चार-पाच महिन्यांच्या हंगामावर चालतो. रज्जुमार्गाच्या नोकऱ्यांत त्यांना अग्रक्रम मिळाला नाही, तर यात्रा सुकर होईल. पण यात्रेने जगवलेली गावे रिती होतील.

निसर्गानेही आपला इशारा दिलेला आहे. जून २०१३च्या महापुरात ही वाट ठिकठिकाणी वाहून गेली होती. आणि ज्या दिवशी रज्जुमार्गाला मंजुरी मिळाली, त्याच ५ मार्च २०२५ रोजी दरड कोसळून गोविंदघाटाचा पूल तुटला. हा केवळ योगायोग खरा. परंतु या ठिसूळ पर्वतात कोणत्याही एकाच मार्गावर विसंबून राहता येत नाही, हे त्याने स्पष्ट केले. यंत्र थांबेल त्या दिवशी वर अडकलेल्या माणसांना ही पायवाटच खाली आणील.

म्हणून रज्जुमार्गाच्या खर्चाबरोबरच पायवाटेच्या देखभालीसाठीही दरवर्षी निश्चित तरतूद असावी. ज्याला चालणे शक्य नाही, त्याने पाळण्यातून जावे. ज्याला शक्य आहे, त्याने एकदा तरी धबधब्यापासून सरोवरापर्यंत स्वतःच्या पावलांनी चढून पाहावे. दोघांचेही दर्शन सारखेच पवित्र. मात्र दोघांनीही सुखरूप घरी परतावे, ही जबाबदारी वाट बांधणाऱ्यांची आहे.