मुक्या जीवांचे ऋण

औषधाची गोळी हातात घेताना तिच्यामागे किती मुक्या जीवांचे प्राण खर्ची पडले असतील, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. मेंदूच्या आणि मनाच्या विकारांबाबत तो विशेष अवघड आहे. रक्त तपासता येते, हृदयाचे ठोके मोजता येतात. परंतु जिवंत माणसाच्या मेंदूवर मनाजोगते प्रयोग करता येत नाहीत, आणि ते करूही नयेत. म्हणून संशोधक उंदराकडे वळले. माणसाच्या बहुतेक जनुकांशी जुळणारी जनुके उंदरातही आढळतात. मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या संशोधनातून १९८० च्या दशकात उंदराचे नेमके एखादे जनुक निकामी करण्याचे तंत्र सिद्ध झाले. या कार्यासाठी तिघांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात जे जनुक बिघडल्याने रोग होतो, तेच उंदरात मुद्दाम बिघडवून रोगाचा अभ्यास करण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

या मार्गाने काय साधले आणि त्याचे मोल कोणी चुकविले, हे समजण्यासाठी रेट सिंड्रोम या विकाराचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

१९५४ मध्ये व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना आपल्या दवाखान्यात दोन मुली दिसल्या. दोघी आपापल्या आईच्या मांडीवर बसून, हात धुतल्यासारखी एकसारखी हालचाल करीत होत्या. अशाच आणखी मुलींची निरीक्षणे करून रेट यांनी १९६६ मध्ये जर्मन भाषेत ती प्रसिद्ध केली; पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९८३ मध्ये स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३५ मुलींची माहिती मांडली, तेव्हा वैद्यकविश्वाने या विकाराची दखल घेतली. सुमारे १०,००० मुलींमागे एकीला तो होतो. जन्मानंतर सहा ते अठरा महिने मूल ठीक वाढते. मग शिकलेले शब्द विसरू लागते, हातातले खेळणे धरता येईनासे होते, चाल बिघडते, आकडी येऊ लागते आणि श्वासाची लय चुकते. जे लेकराने आईवडिलांच्या देखत मिळविलेले असते, ते त्यांच्या देखतच हरपते.

१९९९ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. हुडा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने या विकारामागील जनुक शोधून काढले. त्याचे नाव एमईसीपी-२. त्यापासून तयार होणारे प्रथिन चेतापेशींतील इतर अनेक जनुकांच्या कार्यावर नियंत्रण ठेवते. हे प्रथिन काही वर्षे आधी एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेने ओळखले होते. पुढे एडिंबरा येथे बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. या उंदरांची चाल अडखळे, अंगाला कंप सुटे, श्वास अनियमित होई आणि नर उंदीर साधारण तीन महिन्यांत मरत.

यानंतरचा प्रश्न मूलभूत होता. असा मेंदू कायमचा उद्ध्वस्त झालेला असतो की केवळ अडून राहिलेला असतो? बर्ड यांच्या गटाने उंदरांच्या जनुकात असा अडसर बसविला, की तो विशिष्ट औषध दिल्यावर दूर व्हावा. रोगाची लक्षणे पुरती दिसू लागेपर्यंत ते थांबले. काही उंदीर तर मरणाच्या दारात होते. मग औषध देऊन हळूहळू अडसर काढला. कंप थांबला, श्वास सुधारला, चाल सावरली. अशा सहा नर उंदरांपैकी पाच वाचले. मोठ्या वयाच्या माद्यांमध्येही लक्षणे ओसरली. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोपर्यंत बालपणी बिघडलेला मेंदू पुन्हा सावरत नाही, असाच बहुतेकांचा समज होता. निदान या विकारात तरी तो समज खरा नाही, हे उंदरांनी दाखवून दिले.

त्याच प्रयोगात एक इशाराही होता. ज्या १७ उंदरांमध्ये हे जनुक अचानक जागे केले गेले, त्यांपैकी ९ दगावले. या प्रथिनाचा अभाव जसा घातक, तसा त्याचा अतिरेकही घातक, हे झोग्बी यांच्या उंदरांवरील कामातूनही स्पष्ट झाले. मुलांवर उपचार करू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती अनमोल ठरली. २००९ मध्ये मृगांक सूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढीच्या एका घटकाचा अंश देऊन रेट उंदरांची लक्षणे काही प्रमाणात कमी केली. त्याच धाग्यातून घडलेल्या ट्रोफिनेटाइड या औषधाला मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने रोग बरा होत नाही, काही लक्षणांना उतार पडतो. जनुकोपचाराच्या चाचण्या आता प्रत्यक्ष रुग्णांवर सुरू झाल्या आहेत.

परंतु प्रत्येक विकारात उंदराची साक्ष इतकी भरवशाची ठरत नाही. अल्झायमरसाठी तयार केलेल्या उंदरांच्या मेंदूतील साका एका लसीने घटल्याचे १९९९ मध्ये दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. तीच लस माणसांना दिल्यावर सुमारे ६ टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आली आणि २००२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. मनोविकारांत तर अडचण आणखी मोठी आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला आवाज ऐकू येतात, हे तो सांगतो म्हणून कळते. उंदीर काय सांगणार? नैराश्यावरील औषधे पारखण्यासाठी १९७७ पासून उंदरांना पाण्यात सोडण्याची चाचणी रूढ झाली. पोहणे थांबवलेला प्राणी निराश झाला, असे मानले गेले. तो हताश झाला की शक्ती राखून तरंगत राहिला, याविषयी संशोधकांतच मतभेद आहेत. जिथे उत्तरच संदिग्ध, तिथे त्या जिवाला दिलेला त्रास कोणत्या खाती मांडायचा?

जैन आचारात गृहस्थासाठी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. संसार चालविताना काही हिंसा टळत नाही. संकल्पी हिंसा मात्र गृहस्थानेही सोडावी, अशी अपेक्षा आहे. उंदीर हा पंचेंद्रिय जीव आहे. प्रयोगशाळेतील त्याचा मृत्यू अजाणता घडत नाही. किती प्राणी लागतील हे आधी ठरविलेले असते. हेतू रोगनिवारणाचा आहे एवढ्यावरून ही हिंसा लहान ठरविणे योग्य नाही. त्याच वेळी शब्द हरवलेल्या मुलीच्या आईला, या ज्ञानातून आलेला उपचार घेऊ नकोस, असे सांगण्याचा अधिकारही कोणाला नाही. हे ऋण मान्य करावे आणि ते वाढू नये यासाठी झटावे, हाच प्रामाणिक मार्ग दिसतो.

त्याची दिशा नवी नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, संख्या कमी करावी, वेदना कमी करावी. आज पर्याय वाढत आहेत. २०१० मध्ये रेट रुग्णांच्या त्वचापेशींपासून चेतापेशी घडवून त्यांतील दोष बशीतच पाहता आला. २०१३ मध्ये व्हिएन्ना येथेच मूळपेशींपासून मेंदूसदृश सूक्ष्म गोळे वाढविण्यात आले. अशा पेशी चालत नाहीत, श्वास घेत नाहीत. त्यामुळे २००७ च्या प्रयोगाने दिलेले उत्तर त्यांनी दिले नसते. परंतु जे प्रश्न त्यांच्याकडून सुटतात, त्यांसाठी एकही उंदीर मारला जाऊ नये.

भारतात १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेखीची तरतूद आहे. १९९८ च्या नियमांनुसार असे प्रयोग करणाऱ्या संस्थेत प्राणी नीतिसमिती असावी लागते, आणि तिच्यात वैज्ञानिक नसलेल्या, समाजाचे भान असलेल्या एका सदस्याचाही समावेश असतो. २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांनाही स्थान मिळाले. म्हणजे हा विषय केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

रुग्णालये आणि संशोधन संस्थांना समाजातून उदारहस्ते देणग्या दिल्या जातात. देणगी देताना तीन प्रश्न जरूर विचारावेत. येथे प्राण्यांवर प्रयोग होतात का? होत असल्यास त्या प्रश्नाचे उत्तर अन्य मार्गाने मिळणार नाही, याची खात्री कोणी केली? पर्यायी पद्धतींसाठी किती निधी राखून ठेवला आहे? ज्ञानदान आणि औषधदान यांच्या जोडीला अशा पर्यायांसाठी दिलेले दान हेही अभयदानच होय. मुक्या जीवांचे ऋण पूर्णपणे फिटणारे नाही. ते वाढू न देणे मात्र आपल्या हाती आहे.