शब्द चुकले, की वेळ पाहा

तेलंगणातल्या बाजारहत्नूरच्या आमच्या टापूत माणूस घरी मराठी बोलतो, कचेरीत तेलुगू, दुकानात हिंदी-उर्दू आणि शेजारच्या पाड्यावर गोंडी. या श्रीमंतीचा मला अभिमान आहे. पण तिशीतला धडधाकट मुलगा अचानक भलतंच बोलू लागला, तर या सरमिसळीतच आजार झाकला जातो. ‘पिऊन आलाय’, ‘बाहेरचं झालंय’, ‘झोपला की बरं वाटेल’ असं म्हणत आपण मोलाचे तास घालवतो. असं बोलणं लकव्याचं, म्हणजे पक्षाघाताचं लक्षण असू शकतं. लकवा म्हातारपणीच होतो, ही समजूत आता सोडायला हवी.

बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डावीकडे चालतं. तिथला रक्तपुरवठा तुटला की वाचेवर परिणाम होतो. हातपाय तेव्हा कधीकधी ठीकही असतात. कुणाची जीभ जड होते. कुणाला समोरच्या तांब्याचं नाव आठवत नाही. कुणी घडाघडा बोलतो, पण त्याला अर्थ नसतो. दुसऱ्याचं बोलणंही त्याला कळत नाही. तरुणांच्या बाबतीत मोबाईलवरचा मेसेजही पाहा: नेहमी नीट लिहिणारा एकाएकी निरर्थक अक्षरं पाठवू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नका.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या 608 रुग्णांचा अभ्यास डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केला. पक्षाघातानंतर बुद्धी शाबूत राहिलेले रुग्ण एकभाषकांत 19.6 टक्के होते, तर एकाहून अधिक भाषा येणाऱ्यांत 40.5 टक्के. वाचेवरच्या आघाताचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखं निघालं. चार भाषा येतात म्हणून वाचा सुरक्षित नाही. शिवाय एक भाषा जास्त बिघडते, दुसरी कमी, असंही घडतं. म्हणून मराठीत नाव सांगितलं एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. रोजच्या कुठल्याही भाषेत एकाएकी घोटाळा झाला, तर धोका समजा.

शंका आली, तर त्या माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात उचलायला सांगा, एक साधं वाक्य म्हणवून घ्या. काहीही चुकलं तर तो शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. तेलुगूत ‘पक्षवातम्’ म्हटलं की पलीकडच्याला लगेच कळेल. सीटी स्कॅन कुठे होईल ते विचारूनच निघा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन स्कॅन झाल्यावर, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि इचोड्यामार्गे आदिलाबाद गाठायलाही वेळ लागतो. वाटेत पाणी पाजू नका, गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जातं. घरची गोळीही नको. मेंदूत रक्तस्राव असेल तर ती घात करू शकते. दहा मिनिटांत बोलणं सुधारलं तरी दवाखाना टाळू नका, असा तात्पुरता बिघाडही मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

रक्तदाब, तंबाखू, हृदयाच्या झडपांचा आजार आणि आपल्या आदिवासी भागातला सिकलसेल ही तरुणपणीच्या पक्षाघाताची ओळखीची कारणं आहेत. बाळंतिणीचं डोकं सतत दुखत असेल आणि बोलणं अडखळत असेल, तर तिलाही तातडीनं न्या. 29 ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन असतो. त्या दिवशी आशाताईंनी आणि शिक्षकांनी ही लक्षणं तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू अशा सगळ्या भाषांत गावोगाव सांगावीत. घरातल्या शाळकरी पोरालाही 108 कधी लावायचा, हे पाठ असायला हवं.