पहिला नंबर आला म्हणून रडणारा मुलगा

फॉरेन सिनेमा म्हटलं की आपल्याला आठवतात स्पेशल इफेक्ट्स. पण माजिद मजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) हा इराणी सिनेमा नुसत्या बुटांवर उभा आहे!

छोट्या अलीकडून बहिणीचे, झाहराचे, बूट हरवतात. घरभाडं थकलेलं, आई आजारी. बाबांना सांगणार कसं? मग झाहरा सकाळच्या शाळेला त्याचे बूट घालून जाते आणि सुटल्यावर धावत येऊन त्याला देते. तेच घालून हा दुपारच्या शाळेला पळत सुटतो. पुढे एका शर्यतीत तिसऱ्या नंबरला बूट मिळणार असतात आणि हा पठ्ठ्या चक्क पहिला येतो! लोक फोटो काढतायत, याचे डोळे भरलेले.

डी सिकांच्या 'बायसिकल थीव्ह्ज'मधला (१९४८) ब्रुनो तर सायकल चोरताना पकडलेल्या वडिलांना लोकांच्या तावडीत बघतो. तरी शेवटी त्यांचाच हात धरतो.

आपल्या सिनेमातला गरीब मुलगा बहुतेक वेळा डायलॉग तरी मारतो, नाहीतर गाणं तरी म्हणतो. ही पोरं गप्प राहतात. मला वाटतं, गरिबीची खरी झळ तीच. आई-बाबांकडे काय मागायचं नाही, हे मुलांना फार लवकर कळतं.

सबटायटल्सचा कंटाळा करू नका. दोन्ही जरूर बघा.