हर्नियाच्या ऑपरेशननंतर

आमच्या वस्तीतील एक बांधव बाजारात हमाली करतात. हर्नियाचे ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले नाहीत तोच जयंतीच्या मंडपाचे बांबू उचलायला हजर! "टाके सुकलेत, आता काय होतंय?" असे त्यांचे म्हणणे. हातातला बांबू काढून घेतला व वर्गणीचे पावतीपुस्तक दिले. थोडे रागावले.

वरची कातडी लवकर मिळून येते. आत बसविलेली जाळी मांसात घट्ट रुजायला काही आठवडे लागतात. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे पोते, सिलिंडर, भरलेला हंडा यांना हात लावू नये. नक्की मुदत आपल्या डॉक्टरांना विचारावी.

पण म्हणून खाटेवर पडून राहणेही बरे नव्हे. घरची माणसे मायेपोटी रुग्णाला उठूच देत नाहीत. त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, पोटही साफ होत नाही. डॉक्टरांची ना नसेल तर दुसऱ्या दिवसापासूनच घरातल्या घरात चालावे. मग सपाट रस्त्यावर दहा मिनिटे, रोज थोडे वाढवीत. दुखू लागले की थांबावे. अंथरुणावरून सरळ न उठता कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या आधाराने उठावे. खोकला, शिंक आली की जखमेवर उशी दाबून धरावी. शौचाला कुंथू नये. पाणी भरपूर प्यावे, पालेभाजी खावी. विडीने खोकला वाढतो व जखमही उशिरा भरते, तेव्हा ती बंदच.

विहारात वंदनेला जरूर जावे, पण काही आठवडे पंचांग प्रणाम न करता खुर्चीवर बसून हात जोडावेत. यात कमीपणा कसला?

ताप, जखमेतून पू, लघवी अडणे, उलट्या किंवा त्याच जागी कडक दुखरी गाठ आल्यास तत्काळ इस्पितळ गाठावे.

खरी अडचण मजुरीची. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ साली, प्रा. अदारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. पुढे १९४८ चा कायदा झाला. ज्यांच्या पगारातून ईएसआयचा हप्ता कापला जातो त्यांना, हप्त्यांची अट पूर्ण असल्यास, डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. कित्येकांना हे ठाऊकच नसते, आणि मुकादम कशाला सांगेल?

आमच्या या बांधवांचे नाव कुठल्याच योजनेत नाही. मंडळाने वर्गणीतून त्यांच्या घरी महिन्याचे धान्य भरले. डीजेचा खर्च तेवढा कमी झाला; पोरे कुरकुरली, पण झाला.